चिठ्ठी मोजायचा हक्क कुणाचा?

३ डिसेंबर २०२४. सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीनं त्या दिवशी मतदान ठेवलं होतं. मतपत्रिका छापून तयार होत्या. हे मतदान निवडणूक आयोगानं पुकारलेलं नव्हतं. गावानं गावासाठी ठरवलेलं होतं, आणि तेही विधानसभेचा निकाल लागून दहा दिवस झाल्यावर.

२० नोव्हेंबरला मतदान झालं, २३ तारखेला निकाल लागला. माळशिरसमधून राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे उत्तम जानकर १३,१४७ मतांनी निवडून आले. मारकडवाडीत मात्र भाजपचे राम सातपुते पुढे होते. त्यांना १,००३ मतं आणि जानकरांना ८४३. हा आकडा गावातल्या बऱ्याच लोकांना पटेना. आमचं गाव असं मत देतच नाही, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या बाजूचे गावकरी सांगत होते की कामं झाली म्हणून मतं मिळाली, यात संशय घेण्यासारखं काय आहे? ज्यांना शंका होती त्यांनी तोडगा काढला: कागदावर पुन्हा मत देऊ, सगळ्यांसमोर मोजू, खरं काय ते कळेल.

प्रशासनानं अशा मतदानाला कायद्याचा आधार नसल्याचं सांगत परवानगी नाकारली. जमावबंदी लागू झाली, गावात पोलीस आले. मतदान केलं तर गुन्हे दाखल होतील, अशी समज दिली गेली. अखेर जानकरांनीच ते मतदान थांबवलं. पुढं शरद पवार गावात येऊन गेले, मग भाजपची सभा झाली, गुन्हेही दाखल झाले. काही दिवस मारकडवाडी देशभर गाजली आणि मग बातम्यांतून गेली.

त्या गावाला जे हवं होतं त्याचा विचार करताना एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. गावाला पुन्हा मत द्यायची गरजच नव्हती. २० नोव्हेंबरला मारकडवाडीनं दिलेलं प्रत्येक मत आधीच कागदावर छापलेलं होतं. हजार-दोन हजार चिठ्ठ्या सीलबंद पाकिटात पडून होत्या. कुणीतरी त्या काढून, गावातल्या चार माणसांसमोर मोजायच्या, एवढंच बाकी होतं. पण तसं मागायचा हक्क गावाला नव्हता. कुठल्याच मतदाराला नाही.

सात सेकंद

त्याच निवडणुकीत मी माझ्या आत्याला मतदानाला घेऊन गेलो होतो. वय ७८. बोटाला शाई लावून ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा खूश होती. "दिसली रे चिठ्ठी," म्हणाली. "माझंच चिन्ह होतं. मग खाली पेटीत पडली." आणि पुढं सहज विचारलं, "मोजतात ना त्या चिठ्ठ्या?"

"मोजतात की," मी म्हणालो.

मी तिला चुकीचं सांगितलं होतं. तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. नियम वाचायला बसलो तेव्हा कळलं, आणि हा लेख तिथून सुरू झाला.

बटण दाबलं की मतदान यंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेमागं एक छोटी चिठ्ठी उमटते. तिच्यावर उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असतं. सात सेकंद दिसते, मग कापली जाऊन बंद कप्प्यात पडते. मतमोजणीच्या दिवशी मात्र मोजली जाते ती मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटच्या पडद्यावरची संख्या. चिठ्ठ्या मोजल्या जातात त्या प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या फक्त पाच केंद्रांच्या. ही पाच केंद्रं चिठ्ठ्या टाकूनच निवडतात. पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर केंद्रांचे क्रमांक लिहायचे, चार घड्या घालायच्या, डब्यात घालून हलवायचं आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर पाच उचलायचे. मग बँकेच्या रोखपालाच्या खोलीसारख्या जाळीच्या कक्षात त्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या उमेदवारवार कप्प्यांत लावतात आणि मोजतात. बाकी सगळ्या केंद्रांच्या चिठ्ठ्या काळ्या कागदाच्या पाकिटांत सीलबंद होतात.

महाराष्ट्रात २०२४च्या विधानसभेला १,००,१८६ मतदान केंद्रं होती. २८८ मतदारसंघांत प्रत्येकी पाच म्हणजे १,४४० केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या गेल्या. दर शंभरांतली दीड केंद्रंसुद्धा नाहीत. त्या १,४४० ठिकाणी यंत्राचा आकडा आणि चिठ्ठ्यांचा आकडा जुळला, असं आयोगानं जाहीर केलं. हे महत्त्वाचं आहे आणि ते मी मान्य करतो. यंत्रात घोटाळा झाला, असं हा लेख म्हणत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. ज्याचं मत आहे त्यानं "माझ्या केंद्राचं हातानं मोजा" म्हटलं, तर कायद्यानं त्याचं ऐकायला हवं की नको?

विक्रोळीच्या पेट्या ते परवूरची यंत्रं

कागदाचे दिवस सगळेच चांगले होते असं मानणं भाबडेपणाचं होईल. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लोखंडी मतपेट्या लागल्या, त्यांतल्या सुमारे १२ लाख मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि मतदार आपला कागद हव्या त्या चिन्हाच्या पेटीत टाके. नंतर एकच मतपत्रिका आणि फुलीचा शिक्का आला. त्याबरोबर बाद मतं आली. शिक्का दोन खान्यांच्या मधोमध पडला, की मत बाद. केंद्र बळकावून गठ्ठेच्या गठ्ठे शिक्के मारून पेटीत कोंबल्याचे प्रकार देशात कितीतरी ठिकाणी झाले. आणि १९९६ साली तमिळनाडूतल्या मोडकुरिची मतदारसंघात १,०३३ उमेदवार उभे राहिले, तेव्हा मतपत्रिकेची चक्क पुस्तिका करावी लागली.

यंत्र आलं ते या दुखण्यांवर औषध म्हणून. १९८२ साली केरळातल्या परवूर मतदारसंघात ५० केंद्रांवर ते पहिल्यांदा वापरलं गेलं. कायद्यात तरतूद नसताना यंत्र वापरलं म्हणून सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्ये त्या केंद्रांचं मतदान रद्द केलं. फेरमतदान कागदावर झालं आणि निकालही बदलला. मग कायदा बदलला. १९९९ मध्ये गोव्यानं संपूर्ण विधानसभा निवडणूक यंत्रावर घेतली आणि २००४ मध्ये सगळी लोकसभा यंत्रावर झाली. मिनिटाला चारच मतं नोंदवणाऱ्या यंत्रामुळे केंद्र बळकावून झटपट मतं कोंबणं अवघड झालं. बाद मतांचा प्रश्नही जवळजवळ संपला.

पण एक गोष्ट गेली. कागदाचं मत डोळ्यांना दिसत होतं, यंत्रातलं दिसत नव्हतं. हीच तक्रार सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ८ ऑक्टोबर २०१३ रोजी न्यायालयानं निर्णय दिला की कागदी माग हा मुक्त आणि न्याय्य निवडणुकीचा अत्यावश्यक भाग आहे. त्याआधी महिनाभर नागालँडमधल्या नोकसेन पोटनिवडणुकीत व्हीव्हीपॅट वापरून पाहिलं गेलं होतं. २०१७ मध्ये गोव्याची अख्खी विधानसभा व्हीव्हीपॅटसह झाली. या कथेत गोवा दोनदा पहिला आहे.

चिठ्ठी आली, ती मतदाराच्या विश्वासासाठी. पण ती मोजायची कधी, हे ठरवताना मतदाराला कुणी विचारलं नाही.

मागायचा हक्क उमेदवाराला

निवडणूक नियमांतला ५६ डी हा नियम मुळातून वाचावा असा आहे. यंत्रावरचे आकडे जाहीर झाल्यावर उमेदवार किंवा त्याचा प्रतिनिधी चिठ्ठ्या मोजण्याची लेखी मागणी करू शकतो. ती मान्य करायची की नाही, हे निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतो. मोजल्या आणि आकडा जुळला नाही, तर चिठ्ठ्यांचा आकडा खरा धरायचा. म्हणजे कायद्याच्या नजरेत अंतिम शब्द कागदाचाच आहे. फक्त तो शब्द ऐकवायचा की नाही, हे मतदाराच्या हातात नाही.

मतदाराला मिळालेला हक्क एकच आहे: मी बटण एक दाबलं आणि चिठ्ठी दुसरीच उमटली, अशी तक्रार जागेवर करायची. मग अधिकाऱ्यांसमोर चाचणीचं मत द्यावं लागतं. तक्रार खोटी ठरली तर गुन्हा, त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हातावर पोट असलेला माणूस ही जोखीम कशी घेईल?

२६ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती संजीव खन्ना आणि न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठानं या विषयावर मोठा निकाल दिला. याचिकाकर्त्यांच्या मागण्या तीन होत्या: एक तर कागदी मतपत्रिका परत आणा, नाहीतर चिठ्ठी मतदाराच्या हातात द्या म्हणजे तो ती पेटीत टाकेल, नाहीतर सगळ्या चिठ्ठ्या मोजा. तिन्ही फेटाळल्या गेल्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला मात्र एक वाट मिळाली. निकालानंतर सात दिवसांत पैसे भरून मतदारसंघातल्या ५ टक्के यंत्रांच्या मेमरीची तपासणी मागता येईल. आयोगानं त्यासाठी एका संचाला ठेवलेलं शुल्क करासह ४७,२०० रुपये होतं. महाराष्ट्रात विधानसभेनंतर कित्येक पराभूत उमेदवारांनी पैसे भरले. पुढं ११ फेब्रुवारी २०२५ला न्यायालयाला आयोगाला सांगावं लागलं की तपासणी करताना यंत्रांतली नोंद पुसू नका, आणि हे शुल्कही जास्त आहे.

या सगळ्यात मतदार कुठे आहे? उमेदवार मागू शकतो, अधिकारी नाकारू शकतो, न्यायालय ठरवू शकतं. बोटाला शाई लागलेला माणूस तेवढा बाहेर उभा आहे.

पर्याय द्यायचं ठरलं होतं

फेब्रुवारी २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या विधानभवनात या प्रश्नाला थेट हात घातला गेला. विधानसभेचे तत्कालीन अध्यक्ष नाना पटोले यांनी सरकारला कायद्याचा मसुदा करायला सांगितलं. विधानसभा आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत मतदारानं यंत्र घ्यावं की मतपत्रिका, हे त्यानंच ठरवावं. आधार घटनेच्या ३२८व्या कलमाचा, जे राज्य विधिमंडळाला विधानसभा निवडणुकीबद्दल कायदा करायचा मर्यादित अधिकार देतं. त्याच आठवड्यात पटोले अध्यक्षपद सोडून प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष झाले. कायदा काही आला नाही.

ऐकायला सोपी वाटणारी ही कल्पना मी बारकाईनं तपासली, आणि तिच्यात एक गंभीर अडचण दिसली. गावातल्या केंद्रावर ८०० जणांनी यंत्र घेतलं आणि ११ जणांनी कागद मागितला, तर कोण ते ११ हे प्रतिनिधींनी बघितलेलं असतं. संध्याकाळी त्या ११ कागदांवर एकच चिन्ह निघालं, तर ११ माणसांचं मत चावडीवर उघडं पडलं. ज्याला सावकाराची, कारखान्याची, पाटलाची भीती आहे, तो कागद मागणारच नाही. आणि संशय असणाऱ्यांनाच बहुतेक भीती असते.

ही अडचण आपल्याकडे नवी नाही. कागदाच्या काळात वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय नियमांत होती. यंत्रांसाठीही बऱ्याच केंद्रांची मतं एकत्र मोजणारं 'टोटलायझर' वापरावं, असं आयोगानं २००८ मध्ये सुचवलं आणि विधी आयोगानं २०१५च्या २५५व्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. केंद्र सरकारनं ते मान्य केलं नाही. म्हणून आजही केंद्रवार आकडे उघड होतात, आणि कोणत्या वस्तीनं कुणाला मत दिलं हे पुढाऱ्याला कळतं.

म्हणजे पर्याय हवा तो असा, की मागणाऱ्याचं मत गुप्त राहील.

कागद आजही मोजतात

याचा एक धागा रोजच्या व्यवहारातच सापडतो. मतमोजणीच्या दिवशी सकाळी आठला सगळ्यात आधी काय मोजतात? टपाली मतं. कागदाची, हातानं. सैनिकांची, निवडणूक कामावरच्या कर्मचाऱ्यांची. ८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मतदारांनाही १२ डी नमुना भरून घरबसल्या कागदावर मत देता येतं. हे त्यांच्यावर बंधन नाही, ज्याला हवं त्यानं मागायचं. या देशात मतदाराला हातानं मोजलं जाणारं मत निवडायची मुभा आजही आहे. ती थोड्यांना आहे, एवढंच.

आणि ही थोडी मतं किती वजनदार ठरतात, हे मुंबईनं २०२४च्या लोकसभेत पाहिलं. वायव्य मुंबईत यंत्रांवरच्या मतांत अमोल कीर्तिकर रवींद्र वायकरांपेक्षा एका मतानं पुढं होते. टपाली मतांत वायकर ४९नं पुढं गेले आणि ४८ मतांनी खासदार झाले. टपाली मतांपैकी १११ बाद ठरवली गेली होती, ती पुन्हा तपासली गेली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि याचिका फेटाळली गेली. नऊ लाखांवर मतांचा फैसला शेवटी हातात धरून पाहता येणाऱ्या कागदांवर झाला. कागदावर वाद घालता आला, कारण तो समोर होता.

वेळ लागतो, किती?

हातानं मोजायला वेळ लागतो, माणसं चुकतात, हे नेहमीचं उत्तर. दोन्ही खरं आहे. हिशेब मांडू. एका केंद्राच्या चिठ्ठ्या मोजायला तासभर लागतो, असं आयोगानंच न्यायालयाला सांगितलं आहे. महाराष्ट्रात एका मतदारसंघात सरासरी ३४८ केंद्रं येतात. मतमोजणीच्या सभागृहात साधारण १४ टेबलं असतात. ती सगळी चिठ्ठ्यांना लावली, तरी सगळी केंद्रं मोजायला २५ तास. दहा टक्के केंद्रंच मोजायची असली, तर अडीच तास. महिनाभर चालणाऱ्या निवडणुकीच्या शेवटी अडीच तास जड आहेत का?

राहिली माणसाची चूक. हरियाणात पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावात नोव्हेंबर २०२२ मध्ये सरपंचाची निवडणूक झाली. एका केंद्राच्या आकड्यांत गोंधळ झाला आणि हरलेला उमेदवार विजयी ठरला. प्रकरण खालच्या न्यायालयातून वर वर गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये यंत्रं दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात आणून न्यायालयाच्या अधिकाऱ्यानं मतं पुन्हा मोजली. १,०५१ विरुद्ध १,०००. निकाल उलटला. पावणेतीन वर्षं त्या गावाचा कारभार चुकीच्या माणसाच्या हातात होता. यंत्र बरोबर होतं, माणसांनी आकडे चुकीचे लिहिले होते. २०१९ला आंध्रच्या मैदुकूर मतदारसंघातल्या एका केंद्रावर यंत्र आणि चिठ्ठ्या जुळल्या नाहीत, त्याचं कारणही सरावाची मतं पुसायची राहिली, हे होतं. चूक कुठलीही असो, ती पकडण्यासाठी पुन्हा मोजायची सोय लागते. आणि ती सोय गावात, त्याच दिवशी असली, तर पावणेतीन वर्षं जात नाहीत.

जर्मनीच्या घटना न्यायालयानं ३ मार्च २००९च्या निकालात नेमका हाच मुद्दा धरला. तांत्रिक ज्ञान नसलेल्या सामान्य नागरिकालाही मतदानाचे महत्त्वाचे टप्पे तपासता आले पाहिजेत. २००५च्या निवडणुकीतली यंत्रं त्या कसोटीला उतरली नाहीत आणि तो देश कागदावर राहिला. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात २००८ मध्ये वेगळी वाट निघाली. स्पर्शपडद्याची यंत्रं असलेल्या भागांत जो मागेल त्याला कागदी मतपत्रिका द्यायचा आदेश निघाला. आपल्या अडचणी त्यांच्यासारख्या नाहीत. पण सामान्य माणसाला तपासता यावं, ही कसोटी आपल्यालाही लागू आहे.

काय करता येईल

माझं म्हणणं साधं आहे. मतदान सगळ्यांनी यंत्रावरच करावं. त्यानं बाद मतं टळतात, आणि कुणी कागद मागितला म्हणून कुणाचं मत उघडं पडत नाही. पण निकालानंतर ठरावीक मुदतीत एखाद्या केंद्रावरच्या मतदारांनी, समजा पाच टक्क्यांनी, सही करून मागणी केली, तर त्या केंद्राच्या चिठ्ठ्या गावातल्या चार माणसांसमोर हातानं मोजल्या जाव्यात. अधिकाऱ्याच्या मर्जीवर नाही, हक्क म्हणून. पाचाऐवजी तीन टक्के असोत की दहा, आकड्यावर वाद घालू. फी नको. ८४३ आणि १,००३ मतं पडलेल्या गावात हजार मतदारांच्या एका केंद्रासाठी पन्नास सह्या गोळा करायला एक संध्याकाळ पुरेल. मारकडवाडीला असा हक्क असता, तर पोलीस आणि जमावबंदी यांच्याऐवजी तिथं एक टेबल, काही चिठ्ठ्या आणि चार साक्षीदार असते. आकडा जुळला असता तर शंका घेणारे गप्प बसले असते. जुळला नसता तर कायद्याप्रमाणे चिठ्ठ्यांचं खरं मानलं गेलं असतं. दोन्हीकडून गावाचंच भलं होतं.

यात सर्वांत मागं आपल्याकडच्या नगरपालिका, महापालिका आणि जिल्हा परिषदा आहेत. या निवडणुकांत व्हीव्हीपॅट नसेल, असं राज्य निवडणूक आयोगानं ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. म्हणजे मोजायची चिठ्ठीच नाही. शेजारच्या कर्नाटकानं सप्टेंबर २०२५ मध्ये स्थानिक निवडणुका मतपत्रिकेवर घ्यायची शिफारस केली. नळाचं पाणी, रस्ता, शाळा या गोष्टी ज्या निवडणुकीत ठरतात, तिथंच मतदाराला आपलं मत कागदावर दिसत नाही, हे मला मान्य नाही.

वाचकहो, आपल्या गावाच्या, प्रभागाच्या आमदाराला आणि खासदाराला एक प्रश्न पत्रानं विचारा: माझ्या केंद्राच्या चिठ्ठ्या मोजा, असं मला का म्हणता येत नाही? उत्तर लेखी मागा. मी माझं पत्र पाठवलं आहे. आत्याचीही त्यावर सही आहे.